साठवरून दहावर

झमितने काउंटरवर तीन खोकी मांडली,
पत्ते उघडे करावेत तशी,
आणि हात पुसत राहिला.

ओमिओत सकाळ. कुंपणाच्या तारेवर दंव.
आत लिफ्टवर माझी गाडी, चाकं काढलेली,
दवाखान्यात शर्ट उतरवून बसलेल्या म्हाताऱ्यासारखी.
जुने पॅड त्याने माझ्या तळहातावर ठेवले:
कडा निळसर, अंगावर काचेची झिलई,
एक तर घासून पार पत्र्यापर्यंत आलेला.
"यांच्यावर तू घाट उतरलास?"

उतरलो होतो.
रात्रीचे दोन. मागे ट्रेलरवर चाळीस पेट्या.
माश्या अंधारातच हलवाव्या लागतात,
वरच्या रानातला बहर संपला की खाली, ब्रूथनकडे.
तिसऱ्या वळणाला पेडल मऊ लागलं,
पाचव्याला पाय लोण्यात गेला.
मग तो वास.
आणि पाठीवर दोन टन मेण, मध, लाकूड,
आणि लाखो जीव, ज्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.
गिअर खाली, अजून खाली, इंजिन कण्हत,
एका चढत्या फाट्यात घातली तेव्हा
गाडी आपणहून दमून उभी राहिली.

ओल्वेन उतरली.
मागे जाऊन एका पेटीला कान लावला.
"यांना कळलंय," म्हणाली.
सात आठवडे झाले, ती या गाडीत बसलेली नाही.

पहिलं खोकं: मऊ पॅड. आवाज नाही, डिस्कला जपतात.
दूध-पाव आणायला उत्तम.
दुसरं: सिरॅमिक. काळी पूड उडत नाही,
चाकं लग्नाला निघाल्यासारखी चकचकीत.
तिसरं: धातू मिसळलेले.
गारठ्यात किंचाळतात, डिस्क खातात, चाकं काळी करतात.
"पण तापले की धरतात," झमित म्हणाला,
"तापल्याशिवाय यांचा स्वभाव कळत नाही."
ओल्वेनच्या माहेरचे सगळे असेच.
मी तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"आणि ट्रेलरचे ब्रेक?"
"चालतात."
"चालतात म्हणजे?"

मी दंवाकडे बघितलं.
डॅशबोर्डखाली तो छोटा डबा आहे ना,
त्याचा दिवा रात्री डोळ्यांत येतो,
म्हणून वायर मीच काढून ठेवली होती.
मागच्या हंगामात.
दोन टनांचं ओझं चार पॅडांवर टाकून
मी तीन खोक्यांत दोष शोधत उभा होतो.

झमितने वायर जोडली. दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली,
टाचणीएवढं भोक ठेवून.
त्याचे पैसे लावले नाहीत.
त्यापेक्षा लावले असते तर बरं.
चटई झटकताना त्याने मला हाक मारली:
डाव्या बाजूला, बसणाऱ्याच्या उजव्या पायाखाली,
रबर झिजून आरपार.
तिथे पेडल नाही. कधीच नव्हतं.
एकतीस वर्षं ओल्वेन तिथे ब्रेक दाबत आली होती.

उतारवय म्हणतात ते बरोबर आहे.
चढणीला काय, दम लागतो, माणूस थांबतो.

गुरुवारी ती न बोलावता आली, थर्मास घेऊन.
वायरीचं मी आदल्या रात्री सांगितलं होतं,
तेव्हा ती भांडी विसळत होती, विसळत राहिली.
नवे पॅड बसवले की त्यांना वळण लावावं लागतं:
साठवरून दहावर, दहा वेळा,
मध्ये पूर्ण थांबायचं नाही,
थांबलात तर डिस्कवर त्या जागी डाग राहतो.
सरळ रस्ता. दोन्हीकडे गाई.
ती मोठ्याने मोजत होती.
एक. दोन.
तिचा पाय चटईच्या भोकात, माझ्याआधी अर्धा क्षण.
चौथ्याला पॅड असे किंचाळले
की गाईंनी माना वर केल्या.
"हे निदान बोलतात तरी," ती म्हणाली.

सात. आठ.
धुरकट वास आला, पण पेडल टणक,
पायाखाली दगड असावा तसं.
नऊ.
पुढे ती मोजायची चुकली की तिने चुकवलं,
मी विचारलं नाही.
आम्ही अकरा वेळा केलं.